दीडशेची की चारशेची? दुसऱ्या गिअरमधल्या गचक्याचा हिशोब

स्पोर्ट बाइक घ्यायची हे एकदा ठरलं की पुढचे दोन महिने सीसीच्या वादात जातात. यामाहाच्या आर१५ वर बसून झालेलं असतं, बजेट थोडं ताणलं तर चारशेच्या आसपासची गाडीही आवाक्यात येते, आणि मित्रमंडळी एकच वाक्य ऐकवत असतात: "छोटी घेतलीस तर सहा महिन्यांत कंटाळशील." यात तथ्य नाही असं नाही, कंटाळा येतो. पण कुठल्या रस्त्यावर येतो आणि तेवढा सोसला तर पदरात काय पडतं, ते कुणी सांगत नाही.

इथे दोनच गट समोरासमोर ठेवतो. एकीकडे १५५ सीसीची आर१५. दुसरीकडे ३१० ते ४६० सीसीचा गट: टीव्हीएसची आरआर ३१०, केटीएमची ३७३ सीसीची आरसी ३९०, एप्रिलियाची आरएस ४५७. मधल्या दोनशे-अडीचशेबद्दल शेवटी दोन ओळी आहेत. साडेसहाशे पहिली गाडी म्हणून धरलेलीच नाही. मी स्वतः दोन्ही गटांतल्या गाड्या चालवून १५५ वर थांबलो आहे, तेव्हा पारडं थोडं कुठे झुकलंय हे धरूनच पुढचं वाचा.

आपल्याकडे कायदा या निवडीत मदत करत नाही. अठरा पूर्ण झाली, गिअरच्या गाडीचा परवाना हातात आला की त्याच परवान्यावर शंभर सीसी चालवा नाहीतर हजार. युरोपात पायऱ्या आहेत. ए१ परवान्यावर १२५ सीसी आणि ११ किलोवॅट, म्हणजे साधारण १५ पीएसपर्यंत (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच); ए२ वर ३५ किलोवॅट, म्हणजे साधारण ४७ पीएसपर्यंत; त्यापुढे मोकळं रान. बारामतीत बनणारी आरएस ४५७ अगदी त्या ए२ च्या काठावर आणून बसवलेली आहे. आर१५ ची साडेअठरा पीएस ए१ च्या थोडी वर पडते. तिथे चारशेच्या गटाला दुसरी पायरी मानलंय. आपल्याकडे शोरूमवाला तीच पहिली म्हणून विकतो, आणि त्यात बेकायदा काही नाही.

रस्त्यांचं बघा. महाराष्ट्रात जिथे मोठं इंजिन मोकळं सोडता आलं असतं ते बहुतेक रस्ते दुचाकीला बंद आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू, मुंबईचा कोस्टल रोड, एकावरही बाइक नेता येत नाही. उरतो जुना मुंबई-पुणे रस्ता, पुणे-कोल्हापूर, गोवा महामार्ग, आणि घाट. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीला कमाल मर्यादा ताशी ८० आहे. सगळे पाळतात असं म्हणायचं नाही, पण १४० आणि १७० मधला फरक आपल्याकडे फक्त कट्ट्यावर बोलायला उपयोगी पडतो.

हायवेवर मोठी जिंकते, त्यात वाद नाही

हे आधीच मान्य करून टाकतो. आर१५ सहाव्या गिअरमध्ये शंभरला असते तेव्हा इंजिन मिनिटाला सात-साडेसात हजार फेऱ्यांवर (आरपीएम) फिरत असतं. व्हीव्हीए, म्हणजे वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दुसरा कॅम, ७,४०० ला लागतो. म्हणजे शंभरला तुम्ही त्या उंबरठ्यावर उभे. समोरून वारा असेल, कराडच्या पुढे मोकळ्या माळावर तो असतोच, तर ऐंशीवरून शंभरला जाऊन कंटेनर मागे टाकायला एक, कधी दोन गिअर पाडावे लागतात, आणि ओव्हरटेक मनात आधी पूर्ण आखूनच बाहेर पडावं लागतं. ३७३ किंवा ४५७ सीसीला हेच काम सहाव्यात नुसती मूठ पिळून होतं. पुणे-कोल्हापूर दर आठवड्याला करणाऱ्याला हा फरक थकव्यात जाणवतो, आणि त्याने मोठीच घ्यावी. वजन नव्वद किलोच्या पुढे असेल किंवा डबलसीट नेहमीचं असेल, तरीही. डबलसीट घाट चढताना १५५ सीसी तिसऱ्या गिअरमध्ये रडायला लागते, ते ऐकवत नाही. (मागच्या त्या पाटावर बसणाऱ्याचे हाल दोन्हीकडे सारखेच. त्याचं मत विचारूच नका.)

आता ती कटकट

चारशेच्या गटातल्या बहुतेक गाड्या एका सिलिंडरच्या आहेत, आणि माझा निर्णय जिथे फिरला ती जागा म्हणजे चढाचं हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणारं वळण, आणि दुसरा गिअर.

समजा पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताय. वळणावर वेग २५ च्या आसपास. आर१५ दुसऱ्या गिअरमध्ये तेव्हा साधारण ४,१०० आरपीएमवर असते, वेग वीसवर आला तरी ३,३०० वर. इंजिन कुरकुरत नाही, तोच गिअर, तीच मूठ थोडी उघडी, गाडी वळणातून बाहेर. चारशेच्या गटातल्या सिंगलचे गिअर लांब असतात. त्याच २५ ला ती दुसऱ्यात साधारण ३,२०० वर असते आणि विसाला २,६०० वर घसरते. इथून गचके सुरू होतात.

का होतात ते समजून घेतलं तर राग थोडा कमी होतो. फोर-स्ट्रोक सिंगल दोन फेऱ्यांत एकदाच जळतं. ३,००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके. आर१५ चा पिस्टन ५८ मिमीचा आहे, चारशेच्या सिंगलचा नव्वदीला टेकलेला. म्हणजे ठोके तेवढेच, पण एकेक ठोका दुपटीहून मोठा. त्यात स्पोर्ट इंजिन चटकन चढावं म्हणून आतली फिरती वजनं हलकी ठेवलेली असतात, त्यामुळे दोन ठोक्यांमधली दरी भरून काढायला काही नसतं. चेन ठोक्याला ताणते, पुढच्या क्षणी ढिली पडते, परत ताणते. ते पायाखाली खटखट लागतं आणि गाडी मान हलवत चालते.

सरळ रस्त्यावर याचं काही नाही, एक गिअर पाडला की झालं. वळणाच्या मध्यात मात्र हात आपोआप क्लचकडे जातो. क्लच दाबला की मागच्या चाकाची ओढ तुटते, चढावर वेग झपकन पडतो आणि गाडी आतल्या बाजूला पडायला बघते. घाबरून क्लच सोडला की ती झटक्याने उभी राहते आणि रेष बाहेर जाते. उजव्या वळणावर ही बाहेरची बाजू म्हणजे कठडा. डाव्या वळणावर समोरून येणारी एसटी.

मग पहिल्या गिअरमध्ये का नाही जायचं? जाता येतं. पहिल्यात २५ ला इंजिन साडेचार हजारांवर गुळगुळीत फिरतं, पण मूठ मिलिमीटरभर उघडली की गाडी उडी मारते आणि मिलिमीटरभर मिटली की इंजिन ब्रेक मारल्यासारखं धरतं. ओल्या रस्त्यावर त्या गिअरमध्ये मनगट शांत ठेवणं हे अनुभवी माणसाचं काम.

उपाय आहेत आणि ते चालतात, म्हणून सविस्तर देतो. पहिला, चेन. मॅन्युअलमध्ये दिलेला ढील तपासा, बहुतेक गाड्यांना २५ ते ३५ मिमीच्या आसपास असतो. चाक फिरवत चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. सगळ्यात घट्ट जागी माप बसवा. चेन पाच-सात मिमी जास्त सैल असली तरी गचका दुप्पट वाटतो. दुसरा, केबलची मूठ असेल तर तिची मोकळी फिरकी. कडेला ३ ते ५ मिमीपेक्षा जास्त असेल तर मूठ उघडताना आधी काहीच होत नाही आणि मग एकदम होतं. तिसरा उपाय हाताचा: मूठ किंचित उघडी धरायची आणि वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. चेन ताणलेलीच राहते, खटखट थांबते. मात्र दहा-बारा वळणं असं केलं की मागचा ब्रेक तापतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. तेव्हा दोन वळणं सोडून द्या. चौथा, पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, एक दाता लहान, १५ चं १४. आरपीएम सात टक्के वाढतात, ३,२०० चे ३,४०० होतात, गचका कमी होतो. किंमत अशी की हायवेवरही इंजिन सात टक्के जास्त फिरतं, लहान दातेरीवर चेन जास्त वाकून लवकर झिजते, आणि ज्या गाडीत वेग गिअरबॉक्सवरून मोजला जातो तिथे काटा सात टक्के जास्त दाखवतो. बदलताना नटाचं लॉक वॉशर नवं टाकायला सांगा. जुनंच ठोकून सरळ करून बसवणारे कमी नाहीत.

एवढं सगळं करून चारशेची गाडी घाटात सरळ वागते. पण दर वळणाला चार गोष्टी सांभाळायच्या, ही कटकट मला झेपली नाही. नवशिक्याचं लक्ष तेव्हा रस्त्यावर असायला हवं, क्लचच्या बोटांवर नाही.

दोन सिलिंडरची गाडी या कटकटीतून बरीचशी सुटते, कारण तेवढ्याच सीसीचे दोन लहान ठोके पडतात. आरएस ४५७ किंवा कावासाकीची २९६ सीसीची निन्जा ३०० दुसऱ्या गिअरमध्ये पुष्कळ शहाण्यासारख्या वागतात. चारशेच्याच गटात जायचं ठरलं असेल तर माझा कल दोन सिलिंडरकडे राहील. दोघींचं वजन मात्र पावणेदोनशे किलोच्या आसपास आहे, आर१५ १४२ च्या आत. हा तीस-पस्तीस किलोंचा फरक चालताना कळत नाही. उतारावरच्या पार्किंगमधून गाडी मागे ओढताना कळतो, आणि यू-टर्नमध्ये ती एकदा कलली की सावरता येते की नाही, ते त्यावरच ठरतं.

शिकण्याच्या बाजूने

मोठं इंजिन चूक झाकतं. वळणात गरज नसताना जास्त ब्रेक मारला, वेग मेला, तर बाहेर पडताना मूठ पिळली की दोन सेकंदांत सगळं वसूल. चूक झाली होती हे कळतच नाही. १५५ ला तो मेलेला वेग परत आणायला पुढचं सरळ संपेपर्यंत वाट बघावी लागते. हेच ते कंटाळवाणेपण, आणि यामुळेच वळणाच्या आधी नजर लांब टाकायची, योग्य गिअर आधीच पाडून ठेवायचा, ब्रेक लवकर सोडायचा, या सवयी अंगी लागतात. राष्ट्रीय मोटरसायकल शर्यतींत प्रो-स्टॉक १६५ सीसी असा वेगळा वर्ग आहे, तिथे गाड्या सारख्याच ताकदीच्या असल्यामुळे वळणात कोण किती वेग राखतो यावरच शर्यत ठरते.

सरावाला एमआयडीसीतला रविवार सकाळचा मोकळा रस्ता पुरतो. आधी झाडून घ्या किंवा किमान चालत जाऊन खडी बघून या.

सुरुवात हळू वेगाने. पहिला गिअर, क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका, पुढच्या ब्रेकला हात नाही. पाच-सहा मीटर रुंदीत आठचा आकडा. नजर खांद्यावरून जिथे जायचंय तिथे. पुढच्या चाकाकडे बघितलं की पाय खाली येणारच. क्लिप-ऑन, म्हणजे पुढच्या फोर्कलाच बसवलेलं खालचं दोन तुकड्यांचं हँडल, कमी वळतं म्हणून स्पोर्ट बाइकला हे जड जातं, आणि हँडल टोकाला लागलेलं असताना अंगठा टाकीत अडकतो का ते इथेच कळतं. हे रस्त्यावर कळू नये.

मग ब्रेक. विटेचा तुकडा ठेवा, ताशी ४० ने या, तुकड्याशी ब्रेक लावा, थांबल्यावर पावलं मोजा. कोरड्या डांबरावर बऱ्यापैकी ब्रेक लागला तर ४० वरून साधारण ९ मीटर, म्हणजे बारा पावलं. ६० वरून २० मीटर. ८० वरून ३६. यात विचार करायला गेलेला सेकंद धरलेला नाही. तो ८० ला एकटाच २२ मीटर खातो, म्हणून घाटात दोन बोटं कायम पुढच्या लिव्हरवर. लिव्हर एकदम आवळायचा नाही. आधी हलका दाबून पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचे शॉक) बसू द्यायचा, टायरवर वजन येऊ द्यायचं, मग पूर्ण. या दोन टप्प्यांमध्ये अर्धा सेकंदसुद्धा जात नाही, पण तो गाळला तर पुढचं चाक वजन यायच्या आधीच सुटतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेकखाली चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, तेव्हा ते मुद्दाम लागू देऊन बघा. लिव्हर बोटांखाली थरथरतो. पहिल्यांदा दचकून बहुतेक जण लिव्हर सोडून देतात. ते दचकणं इथे होऊन जाऊ दे. दर चार-पाच फेऱ्यांनी डिस्क थंड होऊ द्या. हा सराव १५५ वर कमी भीतीने होतो, एवढंच म्हणतो.

तिसरी गोष्ट अनेक जण वर्षानुवर्षं नकळत करतात आणि मोक्याच्या क्षणी उलटी करतात. तीसच्या पुढे गाडी हँडल वळवून वळत नाही. डावीकडे जायचं तर डावी मूठ पुढे ढकलायची. गाडी डावीकडे कलते आणि वळते. सरळ रस्त्यावर ५० ला हलका ढकलून बघा, एका लेनच्या आतच. जितका जोर तितका कल. वळणात "गाडी वळतच नाही" असं वाटतं तेव्हा नव्वद टक्के वेळा हात हँडल उलट धरून बसलेले असतात. याचं मूळ मनगटात. क्लिप-ऑनवर अंगाचा भार मनगटांवर टाकला की हात ताठ होतात, मग ढकलायला उरत नाहीत. गुडघ्यांनी टाकी धरा, भार पोटावर आणि मांड्यांवर घ्या, कोपरं एवढी सैल हवीत की चालत्या गाडीवर हलवता आली पाहिजेत. वीस किलोमीटरमध्ये तळव्याला मुंग्या आल्या तर गाडीची बैठक वाईट म्हणायच्या आधी गुडघे तपासा.

घाटात रेषेबद्दल एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. उजव्या वळणावर चाकं आपल्या लेनमध्ये असतात, पण कललेलं डोकं मधल्या पट्टीच्या पलीकडे गेलेलं असतं. समोरून ट्रक आला तर चाकं बरोबर असून उपयोग नाही. म्हणून उजव्या वळणात डावीकडे राहा आणि वळायला उशिरा सुरुवात करा. डाव्या आंधळ्या वळणात पुढचं दिसावं म्हणून उजवीकडे सरकण्याचा मोह होतो. ट्रॅकवर तो बरोबर, आपल्या घाटात एसटी वळण कापत येते म्हणून लेनच्या मध्यापलीकडे जाऊ नका. एकदा कलल्यावर मूठ झटकन मिटायची नाही. वेग जास्त वाटला तर मागचा ब्रेक हळुवार, आणि नजर बाहेर पडायच्या जागी.

पावसाळ्यात हे सगळं अर्ध्या वेगाने. ताम्हिणीत झाडीखालच्या कडेला शेवाळ असतं, डोंगराकडच्या बाजूने लाल माती वाहून आलेली असते, आणि चढाच्या हेअरपिनवर भरलेल्या टाकीतून सांडलेलं डिझेल. डिझेल रंगावरून ओळखता येतं, ओल्या डांबरावर इंद्रधनुषी पट्टा. त्यावरून गाडी सरळ ठेवून जायचं.

पैशाचं

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर ४०. म्हणजे आरआर ३१० आणि निन्जा ३०० एका बाजूला, ३७३ आणि ४५७ दुसऱ्या बाजूला. विम्याची रेषाही तिथेच आहे. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, ३५० च्या वर १५,११७, कर वेगळा. गंमत अशी की १५५ आणि ३१२ सीसी एकाच रकान्यात येतात, तेव्हा छोटी गाडी घेऊन तिथे काही वाचत नाही. वाचतं ते ॲव्हरेजमध्ये: माझ्या हिशोबाने १५५ ला चाळीस-पंचेचाळीस, चारशेला पंचवीस ते तीस. चारशेला मागचा टायर लवकर जातो, आणि जाडही असतो. उरलेल्या पैशांत धड जॅकेट, ग्लोव्हज, घोटा झाकणारे बूट, आणि चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर दोन दिवसांचं शिक्षण बसतं. हा शेवटचा खर्च मी इंजिनाच्या आधी लिहीन.

शहरातल्या उष्णतेबद्दल थोडक्यात: मे महिन्यात सिग्नलवर मोठ्या इंजिनाचा पंखा सुरू झाला की हवा मांडीवर येते. सवय होते म्हणतात.

जुनी चारशेची नव्या आर१५ च्या किमतीत मिळते, हा मोह सगळ्यांना होतो. बघायला गेलात तर पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्यावर खाचेत अडकल्यासारखं झालं तर हेड बेअरिंग गेलंय. दोन्ही टोकांना हँडल थांबवणारी लोखंडी गाठ बघा. तिच्यावर खोल ओरखडा किंवा ताजा रंग असेल तर गाडी पडलेली आहे. फोर्कच्या नळीवर बोट फिरवून तेल लागतं का पाहा. स्प्रॉकेटचे दाते मासळीच्या गळासारखे वाकलेले असतील तर चेन-सेटचा खर्च आजच आलाय, तो किमतीतून वजा करा. मागच्या टायरच्या मध्यावर सपाट पट्टा आणि कडा कोऱ्या असतील तर गाडी सरळच चालली आहे, हे खरं तर चांगलं लक्षण.

आणि मधला गट. घरापासून घाट लांब आणि हायवे जवळ, वजन सत्तर-ऐंशी, एकटंच फिरणं, असं असेल तर सुझुकीच्या जिक्सर एसएफ २५० चा विचार करायला हरकत नाही. केटीएमच्या आरसी २०० ला वरच्या आरपीएमला फिरवल्याशिवाय मजा नाही, आणि वर फिरवायचंच असेल तर मला आर१५ जवळची वाटते. हे मत आहे, मोजमाप नाही.

टेस्ट राइड घ्याल तेव्हा शोरूमवाला मोकळ्या रस्त्याला नेऊन "पिकअप बघा" म्हणेल. त्याला हो म्हणा, बघा, आणि मग परत येताना गल्लीत शिरा. दुसरा गिअर, वेग वीस, क्लचला हात न लावता एक डावं वळण आणि एक उजवं. नंतर स्पीडब्रेकर ओलांडून त्याच गिअरमध्ये मूठ हळूच उघडा. इंजिन गरम झालेलं असू द्या, थंड असताना आयडल (मूठ मिटलेली असतानाचं आरपीएम) चढलेलं असतं आणि गचका लपतो. चारशेची आणि १५५ ची, दोन्ही एकाच दिवशी, एकाच गल्लीत.